तारे मोजणाऱ्या चार धर्मभगिनी

खगोलशास्त्राचा इतिहास सांगताना आपण गॅलिलिओ, केपलर, न्यूटन ही नावे आदराने घेतो. ज्या स्त्रियांनी डोळे शिणवून ताऱ्यांची मोजदाद केली, त्यांची नावे मात्र क्वचितच आपल्या ओठांवर येतात. त्यांपैकी चौघी आपल्याच ख्रिस्तसभेच्या धर्मभगिनी होत्या. त्यांचा परिचय वाचकांना करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

इ. स. १८८७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत, छायाचित्रांच्या साहाय्याने संपूर्ण आकाशाचा नकाशा व तारकासूची तयार करण्याचे ठरले. आकाशाचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून देण्यात आले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये नव्याने उभारलेल्या व्हॅटिकन वेधशाळेकडेही एक पट्टा आला. छायाचित्रे काचेवर घेतली जात. पण त्या काचांवरील लक्षावधी ठिपके मोजणार कोण?

वेधशाळेचे अध्यक्ष, पिसाचे कार्डिनल पिएत्रो माफ्फी यांनी १९०९ मध्ये मारिया बांबिना संस्थेकडे दोन भगिनी मागितल्या. दृष्टी चांगली हवी, धीर हवा आणि एकसुरी काम नेटाने करण्याची तयारी हवी, एवढीच अपेक्षा होती. संस्थेच्या वरिष्ठ प्रथम नाखूश होत्या. रुग्णसेवा व शिक्षण यांसाठी वाहिलेल्या भगिनींनी ठिपके मोजावेत, यात दयाधर्म कोठे आहे, अशी त्यांची शंका होती. अखेर होकार मिळाला आणि दोघींच्या पुढे चौघी झाल्या. एकीने सूक्ष्मदर्शकातून ताऱ्याचे स्थान वाचावे, दुसरीने ते लिहून घ्यावे, असा क्रम १९१० पासून १९२१ पर्यंत चालला. एकूण ४,८१,२१५ तारे नोंदले गेले. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० मध्ये त्यांना खाजगी भेट दिली. तरीही पुढे त्यांची नावे विस्मृतीत गेली.

त्या काळी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेतही काचांची तपासणी स्त्रियाच करीत. पूर्वी तेथील संचालकांच्या घरी मोलकरीण असलेल्या विल्यमिना फ्लेमिंग यांना १८८८ च्या एका काचेवर अश्वमुखी तेजोमेघ आढळला. पण त्यानंतर निघालेल्या सूचीत त्यांचे नाव आले नाही. हेन्रिएटा लेविट यांनी रूपविकारी ताऱ्यांविषयी शोधलेल्या नियमामुळे दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजणे शक्य झाले. त्यांचा १९१२ चा निबंध मात्र संचालकांच्या सहीने प्रसिद्ध झाला. तो लेविट यांनी तयार केल्याचा उल्लेख आत होता, एवढेच.

व्हॅटिकनमधील भगिनींची नावे पुन्हा उजेडात यावयास २०१६ साल उजाडावे लागले. जुने दप्तर लावताना येशूसंघीय फादर सबिनो माफ्फेओ यांना ती सापडली: एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोंबो, कोंचेत्ता फिनार्दी आणि लुइजिया पांचेरी.

भगिनी नम्र असतात, त्यांना नावाची हाव नसते, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु नम्रता ही सेवा करणाऱ्याने स्वखुशीने पत्करावयाची असते. इतिहास लिहिणाऱ्याने ती तिच्यावर लादावयाची नसते. इतिहासकाराने नाव गाळले, तर ती नम्रता नव्हे, अनास्था होय. आपल्या धर्मग्रामाची स्मरणिका काढताना शाळेत व दवाखान्यात झिजलेल्या भगिनींची नावे आपण शोधतो का, हेही यानिमित्ताने तपासून पाहावे. परमेश्वर ताऱ्यांना नावानिशी ओळखतो, अशी स्तोत्रकर्त्याची श्रद्धा आहे. ते तारे मोजणाऱ्या हातांची नावे लक्षात ठेवणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.