हेलिकॉप्टर असून लेकरं पायी का चढली?

कारगिल विजय दिनाला आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "सरकारकडं हेलिकॉप्टर होती, मग लेकरं डोंगर पायी का चढली?" आम्ही माहिती काढली, ती तुम्हालाही सांगतो.

हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात, म्हणून ते वर उचललं जातं. आपली परभणी ५०० मीटरच्याही खाली, टायगर हिल ५,००० मीटरवर. तिथली हवा विरळ. पात्यांना जोर मिळत नाही, इंजिनाची ताकद घटते, ओझं कमी न्यावं लागतं. खास हल्ल्यासाठीचं एमआय-३५ जड, ते त्या उंचीवर चालण्यासारखं नव्हतं. शिवाय संथ उडणाऱ्या हेलिकॉप्टरवर शिखरावरून नेम धरणं सोपं. हा धोका तेव्हाचे हवाईदल प्रमुख अनिल टिपणीस यांनी पुढं लिहूनही ठेवला.

तरी गरज मोठी होती. माल वाहणाऱ्या एमआय-१७ वर रॉकेटं बसवून हल्ले केले. २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ त्यातलं एक क्षेपणास्त्रानं पाडलं. आतले चौघेही शहीद झाले. त्यानंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून काढली.

पुढं १३ जूनला तोलोलिंग, ४ जुलैला टायगर हिलचा माथा घेतला, तो पायी चढून. जखमींना आणायला मात्र छोटी चीता हेलिकॉप्टर उडत राहिली. ती चालवणाऱ्यांत गुंजन सक्सेना ही तरुण मुलगीही होती.

हे ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हणजे यंत्र थांबलं, तिथून लेकरं पुढं गेली." बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही.