पत्त्याची उधारी

परवा कपाट आवरताना जुन्या पासबुकात एक पत्ता सापडला. घराचा नव्हे, खेळायचा असतो तसा, तेवढाच पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर जलरंगात ओलं अंगण आणि प्राजक्ताचा सडा. मागे सही, तारीख आणि एक ओळ : आता तुझी पाळी. तारीख २००९ची. म्हणजे माझी पाळी येऊन पंधरा वर्षं उलटून गेली की हो!

पाठवणारी मैत्रीण कॅनडात असते, कॅल्गरीला. ओळख झाली इंटरनेटवर, थालीपिठाच्या भाजणीत धने किती घालायचे यावरून भांडताना. आम्ही एकमेकींना अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पण आई दवाखान्यात होती तेव्हा रात्री दोन-दोन वाजता (तिच्याकडे भर दुपारी) ती माझ्याशी बोलत बसायची. त्यानंतर महिन्याभरानं हा पत्ता आला. मी "सुरेख!" असं कळवलं आणि तो जपून ठेवला. इतका जपून, की विसरूनच गेले.

या पत्त्यांचे काही नियम असतात, असं ती म्हणाली होती खरी. ते मी आत्ता कुठे नीट वाचले.

१९९७ साली झुरिकमध्ये व्हान्ची श्टिर्नेमान नावाच्या कलावंतानं आपल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रदर्शन मांडलं. हातानं केलेले बाराशे पत्ते, प्रत्येक ६४ बाय ८९ मिलिमीटरचा. परदेशात खेळाडूंच्या चित्रांचे पत्ते मुलं जमवतात ना, त्या मापाचे. बघायला आलेल्यांना ते हवेसे वाटू लागले. हा म्हणाला, स्वतः करून आणा आणि शेवटच्या दिवशी माझ्याशी अदलाबदल करा. झालं! त्याच वर्षी डॉन मेबी या कलावंतानं हे लोण कॅल्गरीला नेलं. मैत्रिणीला नाद कुठून लागला, त्याचा उलगडा मला आत्ता झाला. मुख्य नियम एकच : विकायचं नाही, फक्त बदली करायची. पुढे काहींनी याच मापाची चित्रं विकायला काढली, पण त्यांना वेगळं नाव घ्यावं लागलं.

पोस्टानं कला धाडायची कल्पना मात्र याच्या बरीच आधीची. न्यूयॉर्कचा रे जॉन्सन १९५०च्या दशकापासून ओळखीच्या-अनोळखी माणसांना कोलाज, चिठ्ठ्या, चित्रं पाठवायचा. कधी त्यावर सूचना असायची, की यात तुमची भर घाला आणि अमक्याला पाठवा. १९७०मध्ये व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यानं लोकांनाच वस्तू थेट तिकडे पाठवायला सांगितल्या आणि त्या मांडल्या. जॉन्सन १९९५ साली गेला. त्याची टपाली चित्रं आता लिलावात विकली जातात. मला हे जरा खटकतं.

असो. तर माझी उधारी.

आधी वाटलं, सावंतवाडीचा गंजिफा पाठवावा. दशावतारी संचातला एखादा गोल, लाखेनं चकाकणारा पत्ता. तिचं माहेर कुडाळचं, हरखून जाईल. वर्षामागून वर्षं गेल्यावर इतकं तरी करावंच! पण तो असतो तिथल्या चिताऱ्याच्या हातचा. मी फक्त पैसे मोजणार. तिनं एवढ्याशा पुठ्ठ्यावर एकेक फूल रंगवलं आणि मी दुकानातून आणून पाठवायचं? नियमात बसत नाही, आणि नियम नसता तरी मला पाठवता आलं नसतं.

शाळेत चित्रकलेच्या बाईंनी माझ्या वहीवर काय शेरे मारले ते इथे सांगत नाही.

काल जाड कागद आणून मापाचे चार तुकडे कापले. तीन वाया गेले. चौथ्यावर जास्वंद काढायला घेतलीये. पानं जमलीत, फूल अजून कोबीसारखं दिसतंय.