रेझोनेटर गिटारवर ‘सायलेंट नाइट’ कसं वाजवतात?

‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारच्या साथीवर. २४ डिसेंबर १८१८ ला, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये. शब्द योझेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रुबर यांची. रेझोनेटर गिटार मात्र त्यानंतर शंभरेक वर्षांनी आली.

१९२० च्या दशकात बँडमधल्या इतर वाद्यांपुढे गिटार ऐकूच यायची नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉन डोपियेरा या स्लोव्हाक कारागिराने गिटारच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचा पातळ शंकू बसवला. तारांचं कंपन ब्रिजमधून या शंकूत उतरतं आणि तो स्पीकरच्या पडद्यासारखा आवाज बाहेर फेकतो. १९२८ मध्ये डोपियेरा बंधूंनी ‘डोब्रो’ हा ब्रँड काढला. नावात ‘डोपियेरा ब्रदर्स’ची आद्याक्षरं आहेत, शिवाय स्लोव्हाक भाषेत डोब्रो म्हणजे ‘चांगलं’. पुढे १९५५ पासून जॉश ग्रेव्हज यांनी ही गिटार ब्लूग्रास संगीतात रुजवली. आजचे नामवंत वादक जेरी डग्लस यांचा २००९ चा ‘जेरी ख्रिसमस’ हा अख्खा अल्बम नाताळगीतांचा आहे. शिकायला बसण्याआधी तो जरूर ऐका.

वाजवताना गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात स्टीलचा बार, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत पिक. तार दाबायची नाही, बार नुसता टेकवायचा. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाता येतं, अगदी गळ्यातून निघाल्यासारखी. नाताळगीतं मुळात गाण्यासाठीच रचलेली, म्हणून ती इथे शोभतात.

प्रचलित ट्यूनिंग जाड तारेपासून असं: जी, बी, डी, जी, बी, डी. बार न ठेवता सगळ्या तारा छेडल्या की जी मेजर कॉर्ड वाजते. ‘सायलेंट नाइट’ची पहिली ओळ म्हणजे आपलं प ध प ग. पहिली तार मोकळी, मग दुसरा फ्रेट, पुन्हा मोकळी, मग दुसरी तार मोकळी. हेच दोनदा. पुढची ओळ (रें रें नी, सां सां प) पहिल्याच तारेवर: ७, ७, ४, ५, ५ आणि मोकळी. एवढं तासाभरात बसतं.

सुरात वाजवायला मात्र महिने लागतात. बार फ्रेटच्या तारेच्या बरोब्बर वर हवा. साध्या गिटारसारखा अलीकडे टेकवला की स्वर उतरतो, आणि इतक्या संथ, सगळ्यांना पाठ असलेल्या चालीत तो लगेच कानाला टोचतो. बारच्या मागे डाव्या हाताची बोटं तारांवर अलगद टेकलेली ठेवा, नाहीतर खरखर ऐकू येईल. बार थरथरवून स्वराला कंप देण्याचा मोह सुरुवातीला टाळा. त्याने सूर सापडल्याचा नुसता भास होतो.

घरात साधीच गिटार असेल तर? वरचं ट्यूनिंग तिच्यावर लावू नका. सहावी तार ई वरून जी पर्यंत ताणताना तुटू शकते. त्याऐवजी डी, जी, डी, जी, बी, डी लावा. यात सहावी, पाचवी आणि पहिली तार खाली उतरवायची असते, आणि वरच्या चार तारा तशाच राहत असल्याने वरचे फ्रेट जसेच्या तसे चालतात. तारा उचलून धरणारा एक्स्टेन्शन नट वाद्यांच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर बार फ्रेटवर आपटत राहतो.

मायनरमधली गाणी, उदाहरणार्थ ‘वी थ्री किंग्ज’, नंतरसाठी ठेवा. सरळ बार सगळ्या तारांवर टेकवला की मेजर कॉर्डच मिळते. मायनरचा भास दोनच तारा छेडून निर्माण करावा लागतो: पाचव्या फ्रेटवर फक्त वरच्या दोन तारा वाजवल्या की ई आणि जी मिळतात, म्हणजे ई मायनरचे दोन स्वर.

रील टाकणार असाल तर आणखी एक गोष्ट. ‘सायलेंट नाइट’ची मूळ चाल कॉपीराइटमुक्त आहे, पण इंटरनेटवरून घेतलेला तिचा बॅकिंग ट्रॅक तसा असेलच असं नाही. ‘व्हाइट ख्रिसमस’ची तर चालही आयर्विंग बर्लिन यांची, विसाव्या शतकातली आहे. तिथे तुम्ही स्वतः वाजवलेल्या व्हिडिओवरही दावा येऊ शकतो.