कच्चं लिंबू आणि कासव

पाचवीच्या कॉम्प्युटरच्या पेपरात एका मार्काचा प्रश्न होता : 'लोगो'चा फुल फॉर्म लिहा. मी 'लँग्वेज ऑफ ग्राफिक्स ओरिएंटेड' असं लिहिलं आणि तो मार्क मिळवला. पुढे इंजिनिअरिंग केलं, नोकरीला लागलो, आणि पंचविशी उलटल्यावर एका रात्री वाचता वाचता कळलं, की लोगोला फुल फॉर्म नाहीच. 'लोगॉस' या ग्रीक शब्दावरून ते नाव ठेवलंय. लोगॉस म्हणजे शब्द.

मार्क परत करायची सोय नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घर करून बसली. मुलांनी पाठांतर सोडून स्वतः विचार करावा म्हणून जी भाषा बनवली, तिचं नावसुद्धा आम्ही पाठ केलं, आणि तेही चुकीचं. हे कसं झालं? आणि आता दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये चार जुन्या लॅपटॉपवर मी आठ मुलांना स्क्रॅच शिकवतो, तेव्हा मीही तेच करतोय का?

तुमच्यापैकी अनेकांनी लोगो केलं असेल. आमच्या शाळेत लॅबबाहेर बूट काढून ठेवायचे आणि एका कॉम्प्युटरसमोर दोघांनी बसायचं. मॅडम फळ्यावर लिहायच्या : एफडी 100, आरटी 90. म्हणजे 100 पावलं पुढे जा, 90 अंश उजवीकडे वळ. असं चार वेळा केलं की पडद्यावरचा छोटा त्रिकोण चौकोन काढायचा. त्या त्रिकोणाला कासव म्हणायचं. का, ते कोणी सांगितलं नाही. एकदा माझ्या जोडीदाराने 90च्या जागी 100 टाकलं आणि रेघ भलतीकडे गेली. 'पुसा ते,' मॅडम म्हणाल्या. आम्ही पुसलं.

आता त्या कासवाची गोष्ट.

1967 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिजच्या 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीत वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन, डॅनियल बॉब्रो आणि सीमोर पॅपर्ट यांनी मुलांसाठी एक प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. कॉम्प्युटर तेव्हा खोली व्यापून बसायचा. शाळेत असायचं ते टेलिटाइप, म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र, फोनच्या तारेने दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं. पडदा नाही, चित्र नाही. त्यामुळे पहिल्या लोगोत कासवच नव्हतं, होते फक्त शब्द. मुलं वाक्यं तयार करणारे प्रोग्रॅम लिहायची, शब्दांचे खेळ बनवायची. आपल्या 'च'च्या भाषेसारखी इंग्रजी मुलांची एक गुप्त भाषा आहे, तिच्यात शब्द फिरवून देणारा प्रोग्रॅमही लिहायची. म्हणजे 'ग्राफिक्स' नावात असायचं कारणच नव्हतं.

कासव आलं दोनेक वर्षांनी, आणि ते खरोखरचं यंत्र होतं. घुमटासारखी पाठ, खाली चाकं, पोटात पेन. जमिनीवर कागद पसरायचा, आज्ञा द्यायची, कासव चालेल तशी रेघ उमटायची. पडद्यावर ते नंतर गेलं.

या सगळ्यामागचा विचार मुख्यतः पॅपर्ट यांचा. जन्म 1928चा, दक्षिण आफ्रिकेतला. गणितज्ञ. वर्णभेदाच्या विरोधात उभे राहिलेले. 1958 ते 1963 ही वर्षं त्यांनी जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्यासोबत काम केलं आणि मग ते एमआयटीत आले. पियाजेंचं म्हणणं होतं की मूल ज्ञान आयतं घेत नाही, ते आपल्या डोक्यात बांधतं. पॅपर्टनी त्यापुढे एक पाऊल टाकलं : डोक्यातलं बांधकाम चांगलं व्हायचं असेल तर मुलाच्या हातात बाहेरही काहीतरी बांधायला हवं. वर्तुळ कसं काढायचं हे मुलाला सुचलं नाही, तर ते उत्तर सांगायचे नाहीत. 'तू कासव हो आणि चालून बघ' असं सुचवायचे. मूल चालतं. थोडं पुढे, थोडं वळण, थोडं पुढे, थोडं वळण. व्याख्या पाठ करण्याआधी वर्तुळ पायांना कळतं.

दुसरी गोष्ट चुकीची. शाळेत उत्तर बरोबर तरी असतं, नाहीतर चूक, आणि चूक म्हणजे लाल शाई. प्रोग्रॅम मात्र पहिल्या झटक्यात कोणाचाच चालत नाही. माझाही नाही, माझ्या टीम लीडचाही नाही. त्यात बग असतो, तो शोधायचा असतो. मुलांनी स्वतःच्या चुकीकडे असं पाहायला शिकावं, ही पॅपर्ट यांची मोठी आशा होती. 1980 साली त्यांचं 'माइंडस्टॉर्म्स' आलं आणि ही आशा जगभरच्या शाळांत पोचली. आशा पोचली, पण सोबत वेळापत्रक, धडा आणि परीक्षा हे आधीपासूनच तिथे होतं.

1984 साली न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी वर्षभर लोगो केलेल्या मुलांना नियोजनाचं एक काम दिलं. लोगो न केलेल्या मुलांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. मोठा गदारोळ झाला. पॅपर्ट यांचं उत्तर साधारण असं होतं : लोगो हे औषध नाही, की डोस दिला आणि परिणाम मोजला, त्याच्याभोवती वर्गात काय घडतं ते पाहा. मला दोन्ही बाजू पटतात. कोडिंग केलं की मूल आपोआप हुशार होतं, असं म्हणायला आधार नाही. लॉकडाउनमध्ये आईबाबांच्या फोनवर ज्या जाहिराती धो धो पडत होत्या, त्या बनवणाऱ्यांनी हे 1984चं भांडण वाचायला हवं होतं.

वर्गात काय घडू शकतं, याचं एक सुंदर उदाहरण बॉस्टनच्या हेनिगन शाळेतलं. 1990च्या सुमारास तिथे यास्मिन काफाई यांनी चौथीच्या 16 मुलांना एक काम दिलं : तिसरीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवणारा व्हिडिओ गेम लोगोत बनवा. काम कित्येक महिने चाललं. कल्पना करा, तुम्हाला अपूर्णांक धड येत नाहीत आणि तुमच्या गेममधला राक्षस अपूर्णांकाचा प्रश्न विचारणार आहे. उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हीच लिहायचं. इथे गेम हे अभ्यासाच्या गोळीवरचं साखरेचं आवरण नाही. नियम कोण ठरवतं, हा मुद्दा आहे. गेम खेळणारा नियम पाळतो, बनवणारा नियम लिहितो. आणि नियम लिहायचा तर तो आधी स्वतःला समजावा लागतो.

तरीही एक अडचण उरली होती : टायपिंग. एक जागा सुटली, एक कंस राहिला, की पडद्यावर एरर. विचार बरोबर असूनही मूल अडकायचं. 1996 साली एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू बेगेल याने 'लोगोब्लॉक्स' बनवलं. त्यात आज्ञा टाइप करायच्या नाहीत, ठोकळे एकमेकांना जोडायचे. याच काळात बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये 1993 साली सुरू झालेल्या 'कॉम्प्युटर क्लबहाउस'मध्ये गरीब वस्त्यांतली मुलं शाळा सुटल्यावर येत होती. त्यांना स्वतःचे गेम आणि हलती चित्रं बनवायची होती, पण त्यांना झेपेल असं साधन नव्हतं. ते बनवायला एमआयटीच्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने 2003 साली सुरुवात केली. काफाईही त्यात होत्या. मे 2007मध्ये स्क्रॅच सगळ्यांसाठी खुलं झालं. डीजे तबकडी मागेपुढे घासून जुन्या गाण्यांतून नवं काढतो, त्या 'स्क्रॅच'वरून हे नाव.

ठोकळ्यांचे आकार मुद्दाम तसे आहेत. सुरुवातीच्या ठोकळ्याला वरून गोल टोपी, त्यामुळे त्याच्यावर काही बसत नाही. 'फॉरएव्हर'चा ठोकळा जबड्यासारखा, पोटात इतर ठोकळे घेणारा. हो-नाही विचारणारा ठोकळा षटकोनी, षटकोनी खाचेत तसाच ठोकळा बसतो. व्याकरणाची चूक करायलाच जागा नाही. उरते ती विचारातली चूक.

आणि माझी चूक नेमकी इथेच झाली. पहिले दोन महिने मी पायऱ्यांची पीडीएफ द्यायचो : हा ठोकळा घ्या, त्याखाली हा लावा. सगळं न अडता चालायचं. शेवटी आठ मुलांचे आठ सारखे गेम. आई-बाबा खूश, मीही खूश. मग एका रविवारी लॅपटॉपवर ओळीने बसलेली ती आठ मांजरं पाहिली आणि मला एफडी 100, आरटी 90 आठवलं. शाईच्या जागी ठोकळे आले होते, बाकी तीच वही.

पुढच्या रविवारी पीडीएफ दिली नाही. तुम्हाला काय बनवायचंय, एवढंच विचारलं. निम्मी मुलं गोंधळली, दोघं यायची बंद झाली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, वरून आंबे पडणार, टोपलीत झेलायचे. तिने बनवलं, चालवलं. पहिला आंबा टोपलीला लागला आणि स्कोअर सुसाट पळायला लागला.

'दादा, एका आंब्याला एवढे मार्क?'

बग मला दिसला होता. हात माउसकडे गेलाही. मग पॅपर्ट आठवले आणि मी म्हणालो, 'तू टोपली हो.' तिने पाच वर्षांच्या भावाला आंबा केलं. तो येऊन तिला चिकटला. ती मोठ्याने बोलू लागली : 'शिवला? हो. एक. शिवला? हो. दोन. शिवला? हो, तीन... अरे, हा जातच नाहीये!' 'फॉरएव्हर'च्या पोटातला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता आणि आंबा तिथेच होता. तिने पकडलेला आंबा परत वर पाठवला. स्क्रॅचच्या पडद्यावर सगळ्यात वरची रेघ 180ची असते, तेही तिनेच शोधलं.

त्या दिवशी तिच्या बाबांनी विचारलं, 'हे ठोकळे ठीक आहेत, पण पायथॉन कधी सुरू करणार? याचा पुढे उपयोग काय?' प्रश्न चुकीचा नाही. माझा पगार कोडिंगमधूनच येतो. पण खात्रीने सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आज तिने स्वतःची चूक स्वतः शोधली, एवढंच सांगितलं. त्यांचं समाधान झालं नसावं.

पुढच्या रविवारी तिच्या गेममध्ये एक नवा ठोकळा होता. तिने एक व्हेरिएबल बनवलं होतं, देवनागरीत : कच्चं लिंबू. त्याची किंमत 1 असली की आंबा खाली पडला तरी लाइफ कमी होत नाही. भाऊ तीन आंब्यांत आउट होऊन रडायचा, म्हणून. गल्लीतला जुना नियम तिने कोणी न सांगता कॉम्प्युटरला शिकवला होता.

मी आपला इंजिनिअर, म्हणालो, 'मग गेम संपणार कधी?'

'तो कंटाळेल तेव्हा,' ती म्हणाली. 'कच्चं लिंबू आउट होत नसतं, दादा.'

घरी येऊन मी लोगो उघडलं. एफडी 100, आरटी 100. पाचवीत पुसायला लावलेलं तेच. या वेळी ते 18 वेळा चालवलं. कासव फिरत फिरत निघालं तिथेच परत आलं आणि पडद्यावर 18 टोकांची चांदणी उमटली.