मामाचं दुकान आणि दहावा मजला

आज आपण सिंगापूरला जाऊ. त्या देशात आज दहातली जवळजवळ आठ माणसं सरकारनं बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. इमारतींचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मी बोलणार आहे ते त्यांच्या तळमजल्याबद्दल. किराणा कुठं मिळायचा, उधारी कोण द्यायचं आणि बायका बसायच्या कुठं.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथली पुष्कळ माणसं ‘काम्पोंग’मध्ये राहत. मलय भाषेत काम्पोंग म्हणजे गाव, वस्ती. लाकडाच्या भिंती, वर पत्रा नाहीतर झावळ्या, पाण्याला बऱ्याच ठिकाणी सार्वजनिक नळ. पण दाराशी जागा होती. कोंबड्या पाळता येत, भाजी लावता येई, चिनी घरांत डुकरं असत. त्यातून बाईच्या हातात चार पैसे यायचे. वस्तीतल्या किराणा दुकानात उधारी चालायची. त्यासाठी ‘५५५’ छापाची खिशात मावेल अशी वही असायची. घेतलेलं सामान त्यात लिहायचं आणि पगार झाला की हिशेब मिटवायचा.

२५ मे १९६१ ला, बकरी ईदेच्या सुट्टीच्या दिवशी, बुकित हो स्वी नावाच्या वस्तीला आग लागली. चार माणसं गेली आणि सुमारे १६,००० बेघर झाली. सरकारी गृहनिर्माण मंडळ निघून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. तरी साधारण वर्षभरात बहुतेकांना पक्कं घर मिळालं. या वेगाचं आजही कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. घरात नळ, घरात संडास, घरात वीज. बाईच्या दृष्टीनं याची किंमत काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण दहाव्या मजल्यावर कोंबड्या कुठं पाळणार? बाईची ती मिळकत गेली. वर भाडं आलं, विजेचं बिल आलं, आणि दोन्ही रोखीत. लिफ्ट होती, पण सुरुवातीच्या इमारतींत ती प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. मग दोन-दोन जिने पिशव्या उचलून चढायचं नाहीतर उतरायचं. जुन्या इमारतींत प्रत्येक मजल्याला लिफ्ट देण्याचा कार्यक्रम निघाला २००१ मध्ये. तोवर त्यातल्या कितीतरी सुना आज्या झाल्या होत्या.

मंडळानं एक शहाणपण केलं. तोआ पायो नावाचं नवं नगर उभं केलं तेव्हा घरांबरोबरच बाजार, दुकानं, दवाखाने, शाळा यांची जागा आखली. इमारतींच्या तळाला दुकानं, चालत जाता येईल एवढ्यावर मंडई. मंडईची फरशी सारखी धुतलेली असायची म्हणून तिला नावच पडलं ‘ओला बाजार’. सकाळी तिथं मासळी, भाजी आणि गप्पा, तिन्ही मिळायचं. हलक्या कामाचे कारखानेही घरांजवळ आणले, म्हणजे बायकांना आणि मुलींना चालत कामावर जाता यावं. १९७० मध्ये तिथल्या शंभरातल्या तीसहून कमी बायका कमावत्या होत्या. १९८० पर्यंत हा आकडा चाळिसाच्या पुढं गेला. अंगणातली मिळकत गेली, कारखान्यातला पगार आला. पण अंगणातल्या कामाला जोडून पोर सांभाळता येत होतं, कारखान्यात ते कसं जमणार?

इथं त्या रिकाम्या तळाची गोष्ट येते. १९७० नंतरच्या पुष्कळ इमारतींत तळमजल्यावर घरं ठेवलीच नाहीत. नुसते खांब, वर छत, चारी बाजूंनी मोकळं. आपल्या पारासारखी ही जागा, फक्त वरचं झाड सिमेंटचं. तिथं मलय कुटुंबाचं लग्न लागतं, त्याच फरशीवर पुढं कधी चिनी घरातल्या माणसाचं अंत्यविधीचं मांडव पडतं. म्हातारी माणसं बुद्धिबळ मांडून बसतात. बालवाड्या आणि पाळणाघरंही याच तळाशी निघाली. माझ्या मते त्या सगळ्या आराखड्यातली सर्वांत मोलाची जागा हीच, जिथं काही बांधलं नाही.

काही ठिकाणी याच मोकळ्या तळाच्या कोपऱ्यात एक बारकं दुकान असतं. त्याला म्हणतात ‘मामाचं दुकान’. हा मामा आपलाच बरं का! तमिळमध्येही मामा म्हणजे आईचा भाऊ, आणि अशी दुकानं बहुतेक तमिळ माणसांनी, त्यातही पुष्कळदा तमिळ मुसलमानांनी चालवली. गोळ्या-बिस्किटं, वर्तमानपत्र, साबण, काडेपेटी. रात्री उशिरापर्यंत उघडं.

१९७३ मध्ये महागाई भडकली. तेव्हा कामगार संघटनांनी तोआ पायोमध्येच सहकारी सुपरमार्केट काढलं. तांदूळ, तेल वाजवी दरात मिळू लागलं आणि नफेखोरांना चाप बसला. गरीब घरांचा त्यात फायदाच झाला. फक्त तिथं ‘५५५’ची वही नव्हती. पगार लांबला तर तांदळासाठी पुन्हा ओळखीच्या दुकानदाराकडेच जावं लागायचं, आणि त्या दुकानदाराचं रोखीचं गिऱ्हाईक तर सुपरमार्केटकडे गेलेलं.

आता मामाची दुकानं कमी होत चालली आहेत. मालक म्हातारे झाले, मुलं ऑफिसात जातात. जी उरली आहेत, तिथं अजून एखादी आजी पाकीट विसरून खाली उतरते आणि पाव घेऊन वर जाते.