रशीद जहाँ

रशीद जहाँ (१९०५–१९५२) : उर्दू कथाकार, नाटककार, डॉक्टर आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्या. गर्भारपण, गुप्तरोग, नवऱ्याची जबरदस्ती या गोष्टी उर्दू गद्यात स्वतःच्या नावाने आणि स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्या पहिल्या लेखिकांमध्ये त्यांची गणना होते.

त्यांचा जन्म अलीगढचा. वडील शेख अब्दुल्ला हे काश्मिरी ब्राह्मण घरात जन्मलेले आणि पुढे इस्लाम स्वीकारलेले वकील. १९०४ मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षणाच्या प्रचारासाठी ‘खातून’ हे उर्दू मासिक काढले आणि १९०६ मध्ये पत्नी वहीद जहाँ बेगम यांच्या साथीने मुलींची शाळा सुरू केली. आजचे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे महिला महाविद्यालय याच शाळेतून वाढले. रशीद जहाँ याच शाळेत शिकल्या. नंतर लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजात असताना त्यांनी ‘सलमा’ ही पहिली कथा इंग्रजीत लिहिली.

१९२४ मध्ये त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. केवळ स्त्रियांसाठी काढलेल्या या कॉलेजातून १९२९ मध्ये डॉक्टर होऊन त्या संयुक्त प्रांताच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाल्या. बहराइच, बुलंदशहर, मेरठ अशा गावी त्यांच्या नेमणुका झाल्या. पुरुष डॉक्टरला नाडीही न दाखवणाऱ्या बायका त्यांच्याजवळ मन मोकळे करीत. त्यांच्या लेखनाचा खरा उगम या दवाखान्यांत आहे.

लखनौला त्यांची सज्जाद जहीर, अहमद अली आणि महमूदुज्जफर यांच्याशी मैत्री झाली. या चौघांचा ‘अंगारे’ हा संग्रह डिसेंबर १९३२ मध्ये निघाला. त्यात रशीद जहाँ यांच्या दोनच रचना आहेत. ‘दिल्ली की सैर’ ही जेमतेम तीन पानांची कथा. फरीदाबादची मलका बेगम नवऱ्याबरोबर आगगाडीने दिल्लीला जाते. स्टेशनवर नवऱ्याला ओळखीचा स्टेशनमास्तर भेटतो. बायकोला बुरख्यात, सामानाजवळ बसवून तो निघून जातो. तिची दिल्ली फलाटावरच संपते आणि ती परत घरी नेण्याचा हट्ट धरते. ‘पर्दे के पीछे’ ही एकांकिका याहून धारदार आहे. बाळंतपणांनी खंगलेली मुहम्मदी बेगम मैत्रिणीला आपली कहाणी सांगते : नवऱ्याला अडचण नको म्हणून मुले दाईच्या अंगावर वाढवली, दुसऱ्या लग्नाची टांगती तलवार डोक्यावर, आणि शेवटी त्याच्याच सुखासाठी करून घेतलेली शस्त्रक्रिया. दोन्ही रचनांची भाषा घरंदाज बायकांची, बेगमाती उर्दू आहे. उपदेश नाही, आक्रोशही नाही. बाई बोलते आणि ऐकणाऱ्याला सारे कळते.

संग्रहाविरुद्ध मोठे वादळ उठले. त्यात धर्मावर सर्वात उघड हल्ला सज्जाद जहीर यांच्या कथांत होता, पण सर्वाधिक राग ओढवला तो रशीद जहाँ यांच्यावर. ‘अंगारेवाली’ म्हणून त्यांची नालस्ती झाली, नाक कापण्याच्या आणि अंगावर तेजाब टाकण्याच्या धमक्या आल्या. मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने पुस्तक जप्त केले. याच १९३३ साली मराठीत ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध होऊन खळबळ उडाली होती. मात्र त्याच्या लेखिका मालती बेडेकर यांना विभावरी शिरूरकर या टोपणनावाचा आडोसा होता. रशीद जहाँ यांनी तो घेतला नाही, आणि दवाखानाही बंद केला नाही.

१९३४ मध्ये त्यांनी महमूदुज्जफर यांच्याशी लग्न केले आणि दोघे अमृतसरला राहिले. तिथे तरुण प्राध्यापक असलेले फैज अहमद फैज या दांपत्यामुळेच मार्क्सवादाकडे वळले. लखनौला एप्रिल १९३६ मध्ये प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाच्या तयारीत रशीद जहाँ पुढे होत्या. ‘औरत और दीगर अफसाने’ हा संग्रह १९३७ मध्ये लाहोरहून निघाला. ‘वह’ ही त्यांची बहुधा सर्वोत्तम कथा : गुप्तरोगाने चेहरा झडलेली वेश्या आणि तिची किळस व माणुसकी यांच्या कात्रीत सापडलेली तरुण शिक्षिका. वाचकालाही त्या खोलीत बसावे लागते.

पुढे रुग्ण आणि कम्युनिस्ट पक्ष यांनी त्यांचा वेळ खाल्ला. ‘चिंगारी’ या राजकीय मासिकाचे काम त्यांनी पाहिले. १९४९ च्या रेल्वे संपाच्या वेळी अटक झाल्यावर तुरुंगात उपोषण केले. त्यामुळे साहित्य थोडेच राहिले आणि काही कथा घाईने उरकल्यासारख्या वाटतात. तरीही उर्दू कथाकार इस्मत चुगताईंनी त्यांचे ऋण वारंवार मान्य केले आहे. अलीगढच्या शाळेपासून इस्मत त्यांना ओळखत. इस्मत यांच्या १९४२ च्या ‘लिहाफ’ या कथेची वाट रशीद आपांनी आधीच पाडली होती.

गर्भाशयाच्या कर्करोगावर उपचारांसाठी त्या जुलै १९५२ मध्ये मॉस्कोला गेल्या आणि २९ जुलैला तिथेच निवर्तल्या. त्यांचे दफनही तिथेच झाले. ‘अंगारे’ १९९५ मध्ये दिल्लीहून उर्दूत पुन्हा छापले गेले. रख्शंदा जलील यांनी लिहिलेले रशीद जहाँ यांचे इंग्रजी चरित्र २०१४ मध्ये दिल्लीहून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ‘अंगारे’चे दोन इंग्रजी अनुवादही निघाले.