कोरा कागद

माझ्या भाचीचा मुलगा न्यू जर्सीत शिकतो. त्याला शाळेत प्रकल्प मिळाला, 'आमचे कुटुंब अमेरिकेत कसे आले?' त्याने फोनवर विचारले, "नाना, आपण एलिस बेटावरून आलो का?"

प्रश्न साहजिक होता. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे सव्वा कोटी लोक, बहुतेक युरोपीय, न्यूयॉर्क बंदरातल्या या बेटावरून अमेरिकेत शिरले. स्थलांतर म्हटले की तेच चित्र मुलांसमोर येते.

पण सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल बेटही होते. १९१० ते १९४० दरम्यान तिथे आशियाई लोकांना आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने डांबून उलटतपासणी होत असे. चिनी लोकांनी तिथल्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. चिनी मजुरांवर १८८२ पासून बंदी होती, ती १९४३ मध्ये उठली. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी मजुरांनाही दार बंद झाले. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता. तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवला. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण प्रवेश वर्षाला जेमतेम शंभरांना. वंश आणि देश पाहून ठरवलेला कोटा १९६५ च्या कायद्याने मोडला. माझी भाची विमानाने गेली, ती त्या उघडलेल्या दारातून.

हे सारे त्याला सांगितले. तो म्हणाला, "माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने कागद कोराच ठेवलाय. तिचे पूर्वज गुलाम होते."

मला उमर इब्न सईद आठवला. पश्चिम आफ्रिकेतला हा मुस्लिम विद्वान १८०७ मध्ये गुलाम म्हणून चार्ल्सटनला उतरवला गेला. १८३१ मध्ये त्याने अरबीत आत्मचरित्र लिहिले; त्याची सुरुवात सूरह अल-मुल्कने होते. साऱ्या सत्तेचा धनी अल्लाह आहे असे सांगणारी ही सूरह, आणि लिहिणारा कागदोपत्री दुसऱ्याच्या मालकीचा!

त्याच्या प्रवासाला स्थलांतर म्हणता येत नाही आणि त्याला वगळून अमेरिकेचा इतिहासही शिकवता येत नाही. ज्यांची जमीन गेली त्या मूलनिवासींचेही तेच. पाठ्यपुस्तकातून आपले नाव गळले की आपल्याला लागते. मग दुसऱ्याचे गळलेले नावही दिसायला हवे.

मी नातवाला म्हटले, "तुझा कागद भर. आणि बाईंना विचार, कोऱ्या कागदावरचा धडा कधी शिकवणार?"